यजमानाचे मेज

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बी. ए.च्या वर्गास आम्ही एक जुनी इंग्रजी कादंबरी शिकवीत होतो. तिच्यातील प्रवासी युरोपातल्या एका लहानशा गावी मुक्कामास उतरतो आणि रात्री तेथील ‘ताब्ल दोत’वर जेवावयास बसतो, असे एक वाक्य वाचनात आले. शब्द फ्रेंच, परंतु इंग्रजीने तो इतका आपलासा केला आहे की, त्याचा अर्थ देण्याची गरज कादंबरीकाराला भासली नव्हती. आमच्या महाडच्या विद्यार्थ्यांना ती भासणे साहजिकच होते. आम्ही फोड करून सांगितली : ‘ताब्ल’ म्हणजे मेज, ‘ओत’ म्हणजे यजमान, आणि दोहोंमध्ये आपल्या षष्ठीच्या प्रत्ययाचे काम करणारा ‘द’, मिळून ‘यजमानाचे मेज’. हल्लीच्या विद्यार्थ्यांच्या खिशात शब्दकोश असतोच. एकाने तो उघडून वाचून दाखविले की, या शब्दाचा अर्थ ठरलेल्या दरात मिळणारे ठरावीक पदार्थांचे जेवण. मागच्या बाकावरून लागलीच प्रश्न आला, “म्हणजे सर, राईस प्लेटच ना?”

वर्ग हसला; आम्हीही हसलो. दोन चपात्या, एक भाजी, आमटी, भात आणि पापड, इतक्या पैशांत इतके, अशी पाटी कोणत्याही खानावळीच्या दारावर असते, आणि कोशातील अर्थाशी ती तंतोतंत जुळते, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. पण विचारणाऱ्याचे समाधान झालेले नव्हते. हशा ओसरल्यावर तो पुन्हा उठून म्हणाला, “पण सर, राईस प्लेटमध्ये यजमान कोठे असतो?”

इतक्यात घंटा झाली आणि उत्तर देण्याच्या जबाबदारीतून आपण सुटलो, असे आम्हांस वाटले. ते खरे नव्हते. त्या प्रश्नाने आम्हांस कोशातून इतिहासात नेले, इतिहासातून आमच्या गावच्या तळ्यावर आणले, आणि अखेर आमच्याच घरच्या खळ्यात नेऊन उभे केले. तो प्रवास वाचकांपुढे मांडण्याचा हा यत्न आहे.

आगगाड्या व मोठी उतारूगृहे होण्यापूर्वी युरोपात प्रवास करणारा मनुष्य रात्री एखाद्या सराईत उतरे. तेथे त्याला काय हवे, असे कोणी विचारीत नसे. सराईच्या मालकाकडे त्या दिवशी जे शिजले असेल ते ठरल्या वेळी एका लांब मेजावर मांडले जाई. व्यापारी, शिपाई, पाद्री, जो कोणी त्या रात्री तेथे असेल तो त्या मेजाभोवती बसे, आणि उठताना ठरलेली रक्कम देई. हेच ते यजमानाचे मेज. इंग्रज प्रवाशांनी हा शब्द सतराव्या शतकात आपल्या भाषेत नेला. त्यात तीन गोष्टी गृहीत होत्या : अन्न एक, मेज एक, आणि त्या मेजास कोणीतरी यजमान. हे मेज म्हणजे समतेचा स्वर्ग होता, असे मात्र कोणी समजू नये. अठराव्या शतकातील पॅरिसचे वर्णन करणाऱ्या मर्सिए या लेखकाने नवख्या माणसाची तेथे होणारी फजिती सांगितली आहे. नेहमीचे जेवणारे मेजाच्या मधल्या जागा धरून बसत, चांगले पदार्थ त्यांच्याच पानांत पडत, आणि सावकाश खाणाऱ्या परक्या मनुष्यास रित्या पोटी पैसे देऊन उठावे लागे.

अशा मेजास कंटाळलेल्या पॅरिसमध्येच १७६० नंतरच्या काळात ‘रेस्टोराँ’ निघाली. हा शब्द आरंभी जागेचा वाचक नव्हताच. गेलेली शक्ती परत आणणारा एक प्रकारचा रस्सा म्हणजे रेस्टोराँ, आणि तो जेथे मिळे त्या दुकानास पुढे तेच नाव पडले. येथे गिऱ्हाईक आपल्या सवडीने येई, स्वतंत्र लहान मेजावर बसे, आणि यादी पाहून हवा तो पदार्थ मागवी. या यादीस ‘कार्त’ म्हणतात. म्हणून यादीवरून मागवून जेवण्याच्या पद्धतीचे नाव ‘आ ला कार्त’. इंग्रजीने हाही शब्द घेतला आणि दोघांना एकमेकांसमोर उभे केले. यादीवर एका बाजूस ‘ताब्ल दोत’ व दुसऱ्या बाजूस ‘आ ला कार्त’ असे इंग्रजी उपाहारगृहांत छापू लागले. आणि या जोडीत पहिल्याचा अर्थ एवढाच उरला की, अमुक पैशांत अमुक पदार्थ. मेज ज्याचे त्याचे निराळे, वेळ ज्याची त्याची निराळी. शब्दाच्या पोटातील दर तेवढा शिल्लक राहिला; मेज गेले आणि यजमानही गेला.

शब्दांची अशी स्थित्यंतरे नवी नाहीत. ‘आन्त्रे’ म्हणजे प्रवेश; भोजनाच्या आरंभाकडील पदार्थाचे हे फ्रेंच नाव आज अमेरिकेत मुख्य पदार्थासच लावतात, आणि त्यामुळे भोजनाचा प्रवेश भोजनाच्या मध्यावर होतो. त्याबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. ‘ताब्ल दोत’ची गोष्ट मात्र निराळी आहे, असे आम्हांस वाटते. फ्रान्समध्ये तो शब्द जुन्या अर्थाने अद्याप जिवंत आहे. खेड्यांतून काही कुटुंबे आपल्या घरातील खोल्या प्रवाशांना भाड्याने देतात. त्यांच्याच मेजावर, त्या दिवशी घरी जे शिजले असेल ते जेवण मिळते, त्यास तेथे आजही ‘ताब्ल दोत’च म्हणतात. म्हणजे एकाच शब्दाचे दोन वंश झाले. एकाने पदार्थांची यादी जपली. दुसऱ्याने माणसांची संगत जपली. दोहोंपैकी मुख्य काय, हा प्रश्न कोशकाराने सोडविण्याजोगा नाही. तो नीतीचा प्रश्न आहे.

आमच्या विद्यार्थ्याने नेमके ज्या शब्दावर बोट ठेवले तो ‘ओत’ हा शब्द याहूनही विलक्षण आहे. फ्रेंचमध्ये ‘ओत’ म्हणजे यजमान. आणि ‘ओत’ म्हणजे पाहुणाही. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे संदर्भाने ठरते. हा घोटाळा फ्रेंचांनी केलेला नाही. ज्या लॅटिन ‘होस्पेस’ शब्दापासून तो आला, त्यातच हे दोन्ही अर्थ होते. इंग्रजीतील होस्ट, हॉस्पिटल, होस्टेल आणि हॉटेल ही याच घराण्यातील मंडळी. आणि त्याहून जुन्या मुळाकडे गेले तर होस्ट व गेस्ट हे शब्द एकाच बीजापासून फुटले आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. आज तू माझ्या दारी, उद्या मी तुझ्या दारी. या नात्यातील दोन्ही टोके एकाच नावाने ओळखली जात. त्या लोकांना शब्दांची टंचाई होती म्हणून असे झाले नसावे. देणारा आणि घेणारा ही दोन माणसे नसून एकाच माणसाच्या दोन वेळा आहेत, असे त्यांना वाटत असावे.

आमच्या भाषेत ही दोन टोके पहिल्यापासूनच निराळी आहेत. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करविणारा, ज्याच्या पदरी त्याचे पुण्य पडते तो. पुढे घरधनी, आणि बायकांच्या तोंडी तर नवराच. अतिथीला आम्ही देव म्हटले, हे आम्हांस भूषणावह आहेच. परंतु या देवाने उलट आमंत्रण दिले तर काय करावयाचे, हा प्रश्न आम्ही स्वतःला फारसा पडू दिला नाही. अन्नदान हे मोठे पुण्य. अन्नग्रहण मात्र जोखमीचे. कोणालाही जेवू घालावे, पण कोणाहीकडे जेवू नये, हा आमच्या समाजरचनेचा अलिखित कायदा होता, आणि कोण कोणाच्या हातचे शिजलेले अन्न घेतो यावरून कोणाची पायरी वर व कोणाची खाली, हे गावोगाव ठरत असे.

आमचे ‘ताब्ल दोत’ म्हणजे पंगत. ज्या ‘पंक्ति’ शब्दापासून ती आली, त्याचा संबंध पाच या संख्येशी आहे. वेदांतील पंक्ति छंदाचे चरण पाच असतात. पुढे त्याचा अर्थ ओळ असा रूढ झाला. आणि ओळ म्हटली की ओळीत कोण व ओळीबाहेर कोण, हे आलेच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या जेवणास बसविण्याजोगे पंक्तिपावन कोण आणि टाळण्याजोगे अपांक्तेय कोण, यांची लांबलचक गणना आहे. मराठीने आणखी एक नाजूक शब्द घडविला, तो ‘पंक्तिप्रपंच’. एकाच ओळीत एकाच्या पानात तुपाची धार लांब आणि दुसऱ्याच्या पानात आखूड, असे झाले की वाढणाऱ्यावर तो ठपका येई. ओळीतील अन्यायाविषयी आम्ही इतके हळवे होतो. ती ओळ कोठे संपते, हे मात्र डोळ्यांस दिसत असून विचारीत नव्हतो.

या ठिकाणी आम्हांस स्वतःविषयी काही सांगणे प्राप्त आहे. सुमारे १९८० सालची गोष्ट. आम्ही तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होतो. पोलादपूरच्या बाजूस आमचे गाव. घरी आत्याचे लग्न होते. खळ्यात मांडव, मांडवात पत्रावळींच्या ओळी. जेवण साधेच : भात, वरण, बटाट्याची भाजी, काळ्या वाटाण्यांची उसळ, बुंदी आणि मठ्ठा. मीठ व पाणी वाढण्याचे काम आम्हां मुलांकडे होते. मांडवातील पंगती उठल्यावर गडग्यापलीकडे आणखी एक ओळ बसली. तीत आमच्याच वर्गातला, आमच्याच पाटावर बसणारा मुलगा होता, तो बौद्धवाडीतला. आम्ही तांब्या घेऊन त्याच्यापुढे गेलो. त्याच्यापाशी पेला नव्हता. त्याने ओंजळ पुढे केली, आणि आम्ही, कोणी शिकविल्याचे आठवत नसता, तांब्या उंच धरून वरून धार सोडली. शाळेत आम्ही दोघे एकाच नळाला तोंड लावून पाणी पीत असू. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. पाणी पिऊन झाल्यावर हात झटकले आणि तो बुंदी खाऊ लागला.

रात्री आवराआवर करताना आजी समाधानाने म्हणाली, “आपल्याकडे कुणाला कमीजास्त वाढत नाहीत. मांडवात जे, तेच गडग्याबाहेर.” ती खोटे बोलत नव्हती. बुंदीचा एक दाणाही इकडचा तिकडे झाला नव्हता. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली त्याला त्या वेळी तीस वर्षे होऊन गेली होती. आणि आमच्या घरी सर्वांस एकच जेवण होते. आजीने केलेली समतेची व्याख्या आणि इंग्रजी कोशाने केलेली ‘ताब्ल दोत’ची व्याख्या या दोन्ही एकच आहेत, हे आमच्या ध्यानात येण्यास मध्ये चाळीसांहून अधिक वर्षे जावी लागली. दोघांनीही पदार्थांची यादी पाहिली. मेज पाहिले नाही.

अन्न आणि मेज यांतील हे अंतर ज्या ठिकाणी साऱ्या देशाने पाहिले, ते चवदार तळे आमच्या गावात आहे. त्याच्या नावाची व्युत्पत्ती काही असो, ऐकणाऱ्याला जिभेची चवच आठवते. १९२७ चा इतिहास महाडच्या वाचकांस पाठ आहे. तथापि आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील काही बारकावे पुन्हा पाहण्याजोगे आहेत. सरकारी वा सार्वजनिक पैशांतून चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. ठरावाने पाणी हलले नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी येथे परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, असे डॉ. आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे.

या चाळीस रुपयांवर वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. म्हणजे पाणी मिळत होते. पैसे मोजले की मिळत होते. विकणाऱ्याचे नाणे त्याने विटाळत नव्हते. न मिळणारी गोष्ट एकच होती : आपल्या पायांनी तळ्याच्या पायऱ्या उतरून, इतरांप्रमाणे, आपल्या ओंजळीने पाणी घेणे. २० मार्चला लोकांनी तेच केले. तळ्याचे पाणी प्यायल्यावाचून आम्ही मरत होतो असे नाही, आम्हीही माणसे आहोत हे ठरविण्यासाठी आम्ही तेथे जातो, असा डॉ. आंबेडकरांच्या प्रतिपादनाचा आशय होता. त्यानंतर काही वेळाने, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल उठली आणि जमाव मंडपावर चालून गेला. परतीस निघण्यापूर्वी काही जण तेथे जेवत होते. त्यांचे अन्न मातीत गेले, भांडी फुटली, माणसे जखमी झाली. दुसऱ्या दिवशी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे शुद्ध करण्यात आले.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला येथे दुसरी परिषद भरली. तिच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी १७८९ मध्ये फ्रान्समध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेचे उदाहरण घेतले. तिची नि महाडच्या सभेची तुलना केली. ‘ओत’ हा शब्द ज्यांचा, त्यांच्याच इतिहासाकडे महाडच्या मंडपातून पाहिले गेले, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. इकडे काही सवर्ण मंडळी दिवाणी न्यायालयात गेली होती. त्यांचा दावा असा की, तळे स्पृश्यांच्या खाजगी मालमत्तेच्या स्वरूपाचे आहे. आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर, या मेजाचे यजमान आम्ही, असे ते म्हणत होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला. वादी म्हणतात ती अनादि वहिवाट त्यांना सिद्ध करता आलेली नाही, असे ठरले. आमच्या परिभाषेत या निकालाचा अर्थ असा की, सार्वजनिक पाणवठ्याला यजमान नसतो; किंवा प्रत्येक जण त्याचा यजमान असतो आणि प्रत्येक जण पाहुणा. कायदा याहून पुढे जाऊ शकत नाही, आणि इथवर तो आला हेच फार मोठे कार्य झाले.

पण तळ्यापासून घर पुष्कळ लांब आहे. सार्वजनिक जागेचा प्रश्न कायद्याने सोडविला, बाजाराचा प्रश्न पैशाने बराचसा सोडविला. आज महाडच्या कोणत्याही हॉटेलात आत येणाऱ्याची जात कोणी विचारीत नाही. प्रत्येकाचे मेज निराळे, प्रत्येकाची मागणी निराळी, आणि बिल सर्वांना सारखे. चहाच्या दुकानाबाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपबशा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी या बदलास क्षुल्लक म्हणू नये. आम्ही तर म्हणणार नाही. तथापि हा ‘आ ला कार्त’चा न्याय आहे. शेजारच्या मेजावर कोण बसला आहे, याची आम्हांस फिकीर नसते, कारण तो आमच्या मेजावर नसतो. बेपर्वाई ही द्वेषापेक्षा फारच बरी. पण बेपर्वाई म्हणजे बंधुता नव्हे. गंमत पाहा : ‘हॉटेल’ हा शब्दही ‘ओत’च्याच घराण्यातला, आणि जेथे कोणी कोणाचा यजमान नाही, अशा जागेसच आम्ही तो लावला.

या मालिकेतील तिसरा फ्रेंच शब्द तर आता आमच्या लग्नपत्रिकेपर्यंत आला आहे. ‘बुफे’ म्हणजे मूळ अर्थी भिंतीलगतचे, ताटेवाट्या मांडून ठेवण्याचे कपाट. त्यावरून आपले आपण वाढून घेण्याच्या जेवणास ते नाव पडले. काही वर्षांपूर्वी आमच्या घरचे एक लग्न येथील मंगल कार्यालयात झाले, तेव्हा अर्थातच बुफे होता. पंगत गेली म्हणून वडीलधारी मंडळी हळहळत होती, आणि त्यांच्या सुरात आम्हीही सूर मिळविला. तो आमचा शाळेतला जोडीदार, आता मुख्याध्यापक झालेला, हातात ताट घेऊन आमच्याजवळ उभा होता. आमचे हळहळणे ऐकून तो हसत म्हणाला, “अरे, उभ्याने जेवण्यात एक सोय आहे. ओळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते बघावं लागत नाही.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गडग्यापलीकडची ती ओळ त्याला आठवत होती की नव्हती, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. पण एक हिशेब मनात सुरू झाला. या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तो आमच्या घरी किती वेळा जेवला? पुष्कळ वेळा, पोलादपूर सोडून महाडात घर केल्यापासून आमच्या स्वयंपाकघरात, आमच्याच ताटांत, आमच्या शेजारी बसून. आणि आम्ही त्याच्या घरी किती वेळा जेवलो? चहा अनेकदा घेतला. सभासमारंभाच्या निमित्ताने त्याच्या वाडीत फराळही केला. पण त्याच्या घरी, त्याच्या घरच्यांनी शिजविलेले जेवण, पानावर बसून, एकदाही नाही. कोणी मनाई केली नव्हती. आम्ही नकारही दिला नव्हता. प्रसंग आला नाही, असे आम्ही म्हणू शकलो असतो. प्रसंग आला नाही, हेच सांगत आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या गेल्या.

आमचे जे म्हणणे आहे ते आता थोडक्यात सांगता येईल. सर्वांना एकच अन्न, ही समतेची कसोटी नव्हे. ती आमच्या आजीनेही पार केली होती. सर्वांना एकच ओळ, ही कसोटी अधिक कठीण आहे, आणि १९३० नंतरच्या दशकांत रत्नागिरीस, मुंबईस व अन्यत्र ज्यांनी सहभोजने घडवून आणली, ज्या अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकरीस सुधारणेचा प्रसाद केले, त्यांनी निंदा सोसून ती पार केली. पण अखेरची कसोटी ‘ओत’ या शब्दात दडलेली आहे : यजमान आणि पाहुणा यांना आपापल्या जागा बदलता येतात काय? जो नेहमी वाढतो आणि कधीच वाढून घेत नाही, त्याचे औदार्य कितीही खरे असो, त्यात वरची पायरी शिल्लक राहते. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जो गहजब झाला, तो कशासाठी? रानडे, टिळक, गोखले यांच्यासारख्या मंडळींनी मिशनऱ्यांना आपल्या घरी चहा पाजला असता, तर त्याचे ग्रामण्य इतके वाढले नसते. ते पाहुणे म्हणून गेले, हा अपराध होता. आणि रानड्यांसारख्या थोर पुरुषानेही त्यासाठी पुढे प्रायश्चित्त घेतले.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो स्वतः डॉ. आंबेडकरांचा आहे. सहभोजनाने जातिभेद मोडत नाही, कित्येक जातींत रोटीव्यवहार असूनही जाती तशाच राहिल्या आहेत, खरा उपाय बेटीव्यवहार होय, असे त्यांनी १९३६ च्या ‘अनिहिलेशन ऑफ कास्ट’ या निबंधात प्रतिपादिले. महाडच्या डिसेंबरमधील भाषणातही बेटीबंदी हेच मूळ, असा त्यांचा रोख होता. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. एकमेकांकडे जेवल्याने जात मोडते, असे आमचे म्हणणेच नाही. ताप उतरविण्याचे काम तापमापकाचे नव्हे. पण ताप आहे की नाही, हे त्याच्यावाचून कळत नाही, आणि आपल्याला ताप नाहीच अशी ज्याची खात्री आहे त्याने तर ते यंत्र अवश्य तोंडात धरावे. आम्ही सुशिक्षित, पुरोगामी, मोर्चांना व जयंतीच्या व्याख्यानांना हजर राहणारे. आमचा पारा किती चढला आहे, ते बुफेच्या ताटावर उभ्याउभ्या कळले.

गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी आम्ही जोडीदारास निरोप पाठविला की, आज तुझ्याकडे जेवावयास येतो. त्याने बरे म्हटले, पण घरी पोहोचल्यावर, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या तेव्हा, जरा संकोचून त्याने विचारले, “काय मागवू? स्टँडजवळच्या हॉटेलातून चांगलं येतं.” बाहेरचे मागविले तर आमची अडचण होणार नाही, असे त्या भल्या माणसाने गृहीत धरले होते. ते त्याने कोणापासून शिकावे? गेल्या पंचेचाळीस वर्षांत, एकही कठोर शब्द न बोलता, ते त्याला आम्हीच शिकविले होते. आम्ही म्हणालो, “घरात जे असेल ते.” त्याच्या पत्नीने तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि कांदा वाढला. त्याने तांब्यातून आमच्या पेल्यात पाणी ओतले. तांब्याची कड पेल्याला टेकली, तसा बारीकसा आवाज झाला. आम्ही मान खाली घालून जेवलो. हे लिहितो आहोत ते प्रौढी मिरविण्यासाठी नव्हे. पन्नाशी उलटल्यावर मित्राच्या घरी भाकरी खाल्ली, यात प्रौढी मिरविण्याजोगे काय आहे?

पुढच्या तासास आम्ही त्या विद्यार्थ्याला उभे केले आणि सांगितले की, तुझे म्हणणे बरोबर होते. राईस प्लेट म्हणजे ‘ताब्ल दोत’ खरेच, पण इंग्रजीतले. फ्रेंचमध्ये त्या शब्दात यजमान आहे, आणि जो यजमान तोच पाहुणा. त्याने वहीत अर्थ लिहून घेतला, आणि परीक्षेत हे विचारणार काय, अशी चौकशी केली. आम्ही नाही म्हणालो, आणि पुढचे पान उलटले.